शहजादीच्या मानेवरची गाठ

सिरसाळ्याच्या पाशाकडं शहजादी नावाची उंटीण होती. वराती मिरवायच्या आणि जत्रेत पोरं फिरवायची, हे तिचं काम. ऐन लग्नसराईत तिच्या मानेच्या बुडाशी गाठ आली आणि बघता बघता नारळाएवढी झाली.

पाशा म्हणाला, दोरी घासली. शेजारचा शहादेव म्हणाला, नजर लागली, आणि डाग द्यायला विळा तापवू लागला. पाशाची बायको हाफिजा तडक निघाली. ती जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर रोहिणीला घेऊन आली.

"मॅडम, उंट तपासलाय का तुमी कधी?" पाशानं विचारलं.

"नाही. धरून ठेवा."

रोहिणीनं केस भादरले, सुई घातली. घट्ट, पिवळसर पू आला. तो तिनं बाटलीत भरला. "तपासणीला पाठवते. तोवर फोडू नका. पू जमिनीवर सांडला तर त्यातले जंतू महिनोन्‌महिने जगतात." शहादेव विळा घेऊन कडबा तोडायला गेला.

हात धुताना रोहिणीला शहजादीच्याच दावणीला बांधलेली बकरी दिसली. तिलाही गाठ होती, कानाखाली.

"ही कधीपासून?"

"लई दिवसापासून हाय," हाफिजा म्हणाली. "फुटती, परत येती." ही बिजली तिनं माहेराहून आणली होती.

रोहिणीनं बिजलीचाही पू घेतला. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. दोन्हीकडं जंतू एकच निघाला होता. बकरीचा पू दावणीला लागला आणि दोरीनं सोललेल्या कातडीतून उंटिणीत शिरला असणार, असं ती म्हणाली.

"म्हंजी दोरी घासली हे खरं," पाशा म्हणाला.

मग रोहिणीनं येऊन गाठ चिरली, सगळा पू पिशवीत धरला आणि जाळला. जखम भरेपर्यंत शहजादीला बाहेर काढायचं नव्हतं. त्याच आठवड्यात विजयसिंह पाटलांच्या पोराची वरात होती. पाटील स्वतः आले.

"वरून झूल टाक की. कोण बघतंय?"

"वरातीत लेकरं हात लावत्यात, पाटील. न्हाई जमायचं."

पाटील आल्या पावली परत गेले. नवरदेव ट्रॅक्टरवर गेला.

बिजलीला बाकीच्या जनावरांत ठेवू नका, असं रोहिणीनं बजावलं होतं. बाजारात विकली तर रोग दुसऱ्याच्या दावणीला जाणार. मग उरला खाटीकच. हाफिजा दिवसभर बिजलीपाशी बसून राहिली. संध्याकाळी पाशानं घरामागं चार बांबू रोवले, वर पत्रा टाकला.

"तिला हितं बांध," तो म्हणाला. "वैरण मी टाकीन."

हाफिजानं तोंड फिरवून डोळे पुसले आणि त्याला चहा करायला गेली.

जखम सावकाश भरली. शेवटचं तपासायला रोहिणी आली, तेव्हा शहजादी तिच्या अंगावर थुंकली. पाशा म्हणाला, परत थुंकायला लागली, बरी झाली.