काय लिवलंय त्यावर?

बाबा मला पहिल्यांदा दिसले ते कशेळ्याच्या अलीकडे, एका पेंढ्याच्या उडवीवर. बोट पुढे केलेलं, तोंड अर्धवट उघडं. वारा आला की गाल फुगत होते आणि ओठ हलल्यासारखे वाटत होते. जाऊन वर्ष झालेल्या बापाच्या श्राद्धाला निघाले होते, आणि तोच जीपच्या खिडकीतून असा दिसला. मी तोंडावर पदर दाबला. शेजारच्या बाईने विचारलं, उलटी होतेय का गं.

आमच्याकडे फ्लेक्स वाया जात नाही. निवडणूक संपली की पुढारी गोठ्यावर चढतात, सरपणावर झोपतात, मोरीला आडोसा होतात. कुणाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांखाली म्हशी निवांत रवंथ करत असतात. एरवी मला याचं हसू यायचं. पण त्या गर्दीत आपला बाप असला की हसू येत नाही. उडवीवरच्या त्या फ्लेक्सवर काय छापलंय ते मला न वाचता, नुसत्या रंगावरून कळलं: ‘अंधभक्त कोंडाजीचा जाहीर निषेध’.

दुसरा फ्लेक्स दुसऱ्यांचा होता. त्यावर ‘विकासाचा शत्रू, नक्षली कोंडाजीला गावबंदी’ असं होतं. माणूस एकच, फोटोही एकच. कशेळ्याच्या फ्लेक्स छापणाऱ्या केतनने तो मोबाइलवरून घेऊन एकदाच कापला आणि दोन्ही पार्ट्यांना लावून दिला. धंदा आहे त्याचा, त्याला काय बोलणार.

तो फोटो ग्रामसभेतला. गावच्या गुरचरणीला तारेचं कुंपण पडलं होतं, आत कुणा मुंबईवाल्याचे बंगले व्हायचे होते. बाबा उठून उभे राहिले आणि विचारलं, “मग गुरं कुठं न्यायची?” एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा ते सभेत बोलले आणि नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढला. आठवडाभरात उपसरपंच दशरथच्या माणसांनी एसटीच्या थांब्यावर गावबंदीचा फ्लेक्स लावला.

मी लग्न होऊन चौकला असते, तिथेच एका दवाखान्यात नोकरी करते. बाबांचा फोन आला. “समीक्षा, नक्षली म्हंजे काय गं?” मी सांगितलं, जंगलात बंदुका घेऊन फिरतात ते. बाबा खूप हसले. “माज्याकडं कोयता हाय, त्यो बी बोथट,” म्हणाले.

मग कर्जतहून झेंडेवाले आले. त्यांना कुंपणाविरुद्धच्या मोर्चाच्या पुढे चालायला गावचा माणूस हवा होता. पण मोर्चाच्या दिवशीच आमच्या गावदेवीची पालखी निघायची होती, आणि पालखीपुढे दिवटी धरायचा मान आमच्या घराचा. बाबा दिवटी धरून पालखीपुढे चालले. झालं, लागलीच झेंडेवाल्यांच्या फ्लेक्सवर ते अंधभक्त ठरले. उचलली जीभ लावली टाळ्याला! दोन्हीकडच्या कुणी विचारलं नाही की अरे, गुरांचं काय झालं. त्यांना माणूस नको होता, फक्त शब्द चिकटवायला एक तोंड हवं होतं.

गावबंदी काही सरकारी हुकूम नव्हे. कुणी बाबांना हात धरून बाहेर काढलं नाही. फक्त नाक्यावर चहा मिळेना. भातलावणीला वारंगुळ्याने, म्हणजे आज तुझ्या शेतात उद्या माझ्या, अशी येणारी माणसं त्या वर्षी आमच्या शेतावर आली नाहीत. बाबा पारावर बसले की पार हळूहळू रिकामा व्हायचा, कारण त्यांच्याशी बोलणाऱ्यालाही तोच शब्द चिकटला असता.

आणि मग तो दिवस. गुरचरणीच्या कुंपणाजवळ, रस्त्याच्या कडेला बाबा छाती धरून खाली बसले. आईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. कशेळ्याला जाणारी जीप आली, आमच्याच गावची माणसं भरलेली. आईने हात केला. जीप हळू झाली आणि निघून गेली. मागून दुधाचा टेंपो आला तोवर सगळं संपलं होतं. जीपमध्ये कोण होतं ते मी नंतर घरोघर विचारलं. प्रत्येक जण म्हणाला, आमी नव्हतो. सगळ्यांचं खरं मानलं तर ती जीप रिकामीच गेली म्हणायची.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी पोचले आणि पडवीत पाय ठेवताच थिजले. समोरच्या भिंतीवर बाबा होते. हे एवढे मोठे, जमिनीपासून वाशापर्यंत. कपाळाला गंध, गळ्यात झेंडूची माळ. आणि छातीवर आडवं, लाल अक्षरात: नक्षली कोंडाजीला गावबंदी.

“बग, कसं बोलतात तुजे बाबा,” आई मागून म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. “हिरूच्या गोठ्यावर व्हते गं. पावसात भिजत. मी नवी ताडपत्री दिली नि सोडवून आनलं. घरात त्येंचा एक फोटू नव्हता धड.”

माझी आई चंद्राबाई शाळेची पायरी चढलेली नाही. तिला अक्षरं म्हणजे भिंतीवरच्या मुंग्या. तिने हात पुसले आणि विचारलं, “काय लिवलंय गं त्यावर?”

“नाव लिहिलंय बाबांचं,” मी म्हणाले. “आणि भावपूर्ण श्रद्धांजली.”

“एवडीच? अक्षरं तं लय हायत.”

“भला माणूस होता, असंही लिहिलंय.”

आईने मान डोलावली. मला स्वतःची लाज वाटली, पण खरं तोंडातून निघेना.

रात्री मी ओटीवर पडले तर डोळा लागेना. वारा पडवीतून आत शिरायचा, फ्लेक्स भिंतीवरून सुटून फुगायचा आणि परत चप्प बसायचा. दर वेळी वाटायचं, बाबा श्वास घेतात आणि तोच प्रश्न विचारायला तोंड उघडतात. लहानपणी मला अंधाराची भीती वाटायची तेव्हा मी बाबांना हाक मारायचे. त्या रात्री मला त्यांचीच भीती वाटली, आणि त्याचं रडू आलं.

सकाळी मी म्हणाले, “आये, लोक जेवायला येणार, हे काढू या.” ती ऐकेना. मग मी तिची एक साडी आणून फ्लेक्सच्या खालच्या अर्ध्यावर खोचली. आईने ती ओढून काढली. “त्येंचं नाव नको झाकू,” म्हणाली. असं तडकून ती माझ्याशी कधी बोलत नाही.

दुपारी माणसं आली. वर्षभर उंबऱ्याला न शिवलेलीही आली. मेलेल्याशी कुणाचं वैर नसतं म्हणे. जो तो पडवीत चढायचा, समोर बघायचा, वाचायचा आणि खाली मान घालून पत्रावळीवर बसायचा. एरवी श्राद्धाच्या पंगतीत सुद्धा आमच्याकडे गलका असतो. त्या दिवशी नुसता वाढप्यांच्या पायांचा आवाज होता. दशरथ सगळ्यात शेवटी आला. फ्लेक्स बघून त्याने परत चप्पल शोधली, पण आई पुढे झाली होती.

“या भावजी. हितं बसा, त्येंच्या समोर.”

तो बसला. आईने त्याच्या पानावर खीर वाढली आणि तिथेच उभी राहिली.

“भावजी, तुमाला वाचता येतं. जरा मोट्यानं वाचून दाखवा, काय लिवलंय.”

मी “आये...” म्हणाले, पण ती माझ्याकडे बघेना. दशरथने वर पाहिलं. बाबांचं बोट बरोबर त्याच्यावर रोखलेलं होतं.

“कोंडाजी...” दशरथ थांबला. “वैनी, नाव हाय त्येंचं.”

“फुडं?”

“भावपूर्ण श्रद्धांजली.”

“फुडं?”

दशरथने मदतीसाठी पंगतीकडे पाहिलं. पंगत पानात बघत होती. “भला मानूस व्हता,” तो पुटपुटला. “गावचा मानूस व्हता. असं लिवलंय.”

“पोरगी बी हेच बोलली,” आई म्हणाली. तिने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि मला कळलं की तिला सगळं ठाऊक आहे. ज्या थांब्यावर महिनोन्‌महिने ते लटकत होतं, तिथूनच ती रोज दूध घालायला जात होती. येणारा-जाणारा वाचून हसायचा. ऐकायला कुठे अक्षर लागतं?

आई पंगतीच्या मधोमध आली. आवाज चढवला नाही.

“असं लिवलं व्हतं, भला मानूस, गावचा मानूस,” ती म्हणाली, “तर मग त्या दिवशी जीप का नाय थांबली?”

सगळे हात पानावर थांबले. वारा आला, मागचा फ्लेक्स फुगला आणि बाबांचं तोंड हललं. एवढ्यात बाहेर रस्त्यावर कशेळ्याच्या जीपने हॉर्न दिला. पुन्हा दिला. पंगतीतल्या चौघांना त्या जीपने जायचं होतं. एकही जण उठला नाही.