परक्या तोंडची ओ

वेन्झौची बोली शिकू नकोस, असं मला पहिल्याच महिन्यात तिघांनी सांगितलं. बुटांच्या कंपनीत मी रशियन ऑर्डरींचं भाषांतर करायला आले होते. मँडरिन मी आमच्या कझाकस्तानात, शिम्केंतलाच शिकले होते आणि ती चांगली येत होती. ऑफिसातल्या कुओबाई म्हणाल्या, "झानार, आमच्या पोरांनाच ती येत नाही. तू कशाला जीभ वाकडी करतेस? चार वर्षांनी घरी जाशील, लग्न करशील. तिथं कुणाशी बोलणार आहेस?"

मलाही ते पटलं होतं. बाजारात, बसमध्ये, ऑफिसात माझं कुठंच अडत नव्हतं. माझ्यासमोर दोन वेन्झौकर बोलू लागले की मी खिडकीबाहेर बघायची. त्यात एक सुख होतं. आपल्याला न कळणाऱ्या भाषेत आपल्यावर कसली जबाबदारी येत नाही.

मी श्यांग आपोच्या, म्हणजे श्यांग आजीच्या, घरात वरच्या खोलीत राहायची. आपो अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. घराच्या मागच्या दारातून दगडी पायऱ्या थेट कालव्यात उतरत. दिवेलागणीला आपो एक निळा जुना ब्लाउज हातात घेऊन त्या पायऱ्यांवर जायची, पाण्याकडे तोंड करून एकच वाक्य तीनदा म्हणायची आणि थांबायची. मग ब्लाउज छातीशी धरून वर यायची आणि भात टाकायची.

"आपो, कुणाला बोलावता?" मी एकदा विचारलं.

"कोंबड्यांना," ती मोडक्यातोडक्या मँडरिनमध्ये म्हणाली.

घरात एकही कोंबडी नव्हती.

ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. अर्थ माहीत नाही, पण चाल पाठ झाली. एका दुपारी टाइप करता करता मी ते पुटपुटले असणार. समोरच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. कुओबाई उठून माझ्याजवळ आल्या.

"हे कुठं ऐकलंस?"

"माझ्या घरमालकीण रोज म्हणतात. म्हणजे काय हो?"

"काही नाही. पण असं दुसऱ्याच्या घरातलं मोठ्यानं म्हणू नये." त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा हात झटकला, जणू काही चिकटलं होतं.

अर्थ काही त्यांनी सांगितला नाही. दुसऱ्यांनीही नाही. तेव्हा मी बोली शिकायचं ठरवलं.

थांगकाका कालव्यातली जलपर्णी काढायचे. नगरपालिकेची सपाट होडी होती, लांब दांड्याचं जाळं होतं आणि साठी उलटलेला हा माणूस दिवसभर कालव्यावर बोलत हिंडायचा. ऐकायला कुणी नसलं तर बदकांशी बोलायचा. मी रविवारी होडीत बसू का, विचारलं तर खदखदून हसले.

"आमची बोली शिकून काय करणार? इथं सासर करायचा बेत आहे का? मुलगा मी बघतो, पण दात सगळे असतील याची हमी नाही!"

"आधी बोली. मग मुलगा."

"अगं, या बोलीत भुतंसुद्धा अडखळतात."

झानार त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून आपोसारखंच तेही मला चाना म्हणू लागले. त्यांनी मला पाण्यापासून शिकवायला सुरुवात केली. पाणी, होडी, गवत, मासा, मेलेला मासा. माझा उच्चार चुकला की ते बदकांना विचारायचे, "कळलं का रे तुम्हाला?" दीड वर्ष असं गेलं. मासळीच्या गोळ्यांचं सूप विकणारी बाई माझ्याशी मँडरिन बोलायची बंद झाली. गल्लीतल्या म्हाताऱ्या माझ्यादेखत माझ्या लग्नाची चर्चा करायला कचरू लागल्या. मजा वाटायची.

आणि एका संध्याकाळी मी मागच्या दारात भाजी निवडत असताना आपोचं ते वाक्य मला कळलं. मी कान दिला नव्हता. शेजारी कुणी आपल्याच भाषेत बोलावं तसं ते आपोआप आत आलं.

"सूलान, पाणी गार आहे, घरी ये."

तीनदा. मग ती थांबली. कशासाठी थांबते, तेही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती ओ ऐकायला थांबत होती.

थांगकाकांनी होडी पुलाखाली घेतली आणि मगच सांगितलं. सूलान ही आपोची एकुलती एक मुलगी. सत्याऐंशी साली, एकोणीस वर्षांची असताना, एका सुताराबरोबर युरोपला जायला निघाली. चोरून. बापानं आधीच तिचं नाव टाकलं होतं. सहा महिन्यांनी बापच निरोप घेऊन आला, की जहाज बुडालं.

"बुडालेल्याचा जीव पाण्यात वाट चुकतो," थांगकाका म्हणाले. "एकानं कपडा दाखवून हाक मारायची, दुसऱ्यानं घरातून ओ द्यायची, 'आले, घरी आले.' म्हणजे जीव घरात येतो. ती सव्वीस वर्षं हाक मारतेय. म्हातारा दाराआड उभा राहायचा. मी होडीतून बघायचो ना. तोंड घट्ट मिटून उभा. त्यानं एकदाही ओ दिली नाही."

"आणि आता?"

"आता घरात आहेच कोण?" मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. हसणं गेलं होतं. "हे बघ चाना, शिकलीस ते ठीक. कान आहेत, ऐकू येणारच. पण ओ द्यायची नाही. ज्याची हाक, त्यानंच ओ द्यावी."

मी हिवाळाभर दिली नाही. दिवेलागणीला मी वर जाऊन रेडिओ लावायची. तरी रेडिओतून, भिंतीतून ते यायचं. न कळणारी हाक म्हणजे नुसता आवाज होता. कळल्यावर मात्र रोज तिघी त्या पायऱ्यांवर उभ्या असायच्या, आपो, मी आणि मध्ये ती ओली पोर.

जानेवारीत आपोला ताप भरला. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. दिवे लागले तशी ती उठली, ब्लाउज घेतला आणि अनवाणी मागच्या दारी गेली. पायऱ्यांवर शेवाळ होतं, पाऊस भुरभुरत होता. मी धावत जाऊन तिला मागून कमरेला धरलं. अंग भाजत होतं. तिनं तीनदा हाक मारली. मग ती थांबली, आणि या वेळी वळेचना. पाणी तिच्या घोट्याला लागत होतं.

"आपो, चला आत," मी म्हणाले. ती हलली नाही. आणखी एक पायरी उतरू लागली.

तेव्हा मी म्हणाले, "आले. घरी आले."

आपो वळली. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. आनंद म्हणावा तर तोही नव्हता. तिनं ब्लाउज माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "किती उशीर केलास. भात निवला."

त्यानंतर तिनं पायऱ्यांवर जाणं सोडलं. आठवड्यात ताप उतरला. ती मला पहाटे उठून चिकट भात आणि वर मटणाचा रस्सा करून घालायची. माझे केस विंचरायची. "युरोपात तेल मिळत नाही का गं?" म्हणायची. सुरुवातीला मी सांगितलं, "आपो, मी चाना. कझाकस्तानची." ती मान डोलवायची, "असेल, असेल. फिरून आलीस." आणि पुढं वाढायची.

खोटं का बोलू, मला ते गोड लागलं. घरापासून पाच हजार किलोमीटरवर कुणी माझ्या केसांवरून कुरकुर करत होतं. निळा ब्लाउज मला बेताचा बसायचा. तिच्या आग्रहावरून मी तो घरात घालू लागले. हळूहळू मला त्या बोलीत स्वप्नं पडू लागली. त्यांत शिम्केंत नसे. कालवा असे, मी कधी न पाहिलेली लाकडी होडी असे आणि दाराआड कुणी माणूस तोंड मिटून उभा असे. एकदा माझ्या आईचा फोन आला. मी 'हॅलो' म्हणून काही बोलले, आणि पलीकडून आई कझाकमध्ये म्हणाली, "हॅलो? कोण बोलतंय? मला झानारशी बोलायचंय."

मार्चमध्ये घरातला जुना फोन वाजला. तो कधी वाजत नसे.

"श्यांगांचं घर का?" बाईचा आवाज, वेन्झौची बोली, पण थोडी जुनाट. आता गल्लीत कुणी वापरत नाही असे शब्द. "आई आहे का?"

"तुम्ही कोण?" मी त्याच बोलीत विचारलं.

"मी सूलान. नेपल्सहून बोलतेय. तुम्ही कोण?"

माझ्या अंगात तिचा ब्लाउज होता.

"भाडेकरू," मी म्हणाले.

जहाज बुडालंच नव्हतं. सुरुवातीला तिनं कितीतरी पत्रं पाठवली होती, बापाच्या कारखान्याच्या पत्त्यावर. एकाच पत्राला उत्तर आलं, दोन ओळींचं: आमची मुलगी समुद्रात बुडाली. पुन्हा लिहू नये. कागदपत्रं नव्हती, मग मुलं झाली, मग लाज वाटायला लागली. बाप गेल्याचं तिला आत्ता एका गाववाल्याकडून कळलं होतं.

मी आपोला हाताला धरून आणलं, रिसीव्हर कानाशी धरला. पलीकडून रडत रडत "आई, आई" चाललेलं मला ऐकू येत होतं. आपोनं सगळं ऐकून घेतलं. मग मँडरिनमध्ये, सावकाश, शब्द जुळवत ती म्हणाली, "नंबर चुकला. माझी मुलगी घरी आहे."

एप्रिलमध्ये सूलान स्वतः आली. पंचेचाळिशीची, आखूड केसांची, हातात चॉकलेटचा मोठा डबा. दारातच तिनं गुडघे टेकले. आपोनं तिला लगबगीनं उठवलं, खुर्चीवर बसवलं, चहा दिला, संत्रं सोलून दिलं. आणि मँडरिनमध्ये विचारलं, "प्रवास चांगला झाला? आमचं गाव आवडलं?"

सूलान बोलीत बोलत होती. लहानपणीची भांडणं, आजोळची विहीर, कोपरावरचा भाजल्याचा डाग. आपो प्रत्येक गोष्टीला मान डोलवत मँडरिनमध्ये उत्तर देत होती, "हो का? बरं बरं." परक्या माणसाशी बोलावं तसं, आदरानं. मधूनच माझ्याकडे वळून बोलीत म्हणायची, "पाहुणीला आणखी चहा टाक गं."

थांगकाकांना बोलावलं. ते दारात उभे राहिले, टोपी काढली. "अगं श्यांगवहिनी, हीच ती. माझ्या होडीतून मासे चोरायची. मी डोळे झाकून ओळखीन."

"मग उघडून बघ," आपो म्हणाली. "थांग, तुझी नजर गेली. डॉक्टरला दाखव."

त्या दिवसापासून मी आपोशी फक्त मँडरिनमध्ये बोलू लागले. माझं नाव, माझं गाव, माझा पासपोर्ट, सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं. ब्लाउज घडी करून तिच्या पेटीत ठेवला. तिसऱ्या दिवशी तिनं ताट बाजूला सारलं. "चार देश हिंडून आलीस आणि आता आईशी ऑफिसातली भाषा बोलतेस? मी काय चुकले?" तिच्या डोळ्यांत पाणी पाहून माझ्या तोंडून बोलीत गेलं, "काही नाही चुकलं, जेवा." ती जेवली. सूलान समोर बसून बघत होती.

नंतर ती माझ्या खोलीत आली.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं ओ द्यायला?"

"त्या पाण्यात उतरत होत्या."

"हात धरून ओढायचं. उचलायचं. कुणालाही हाक मारायची." ती ओरडत नव्हती. "आमच्याकडचे लोक परदेशात चाळीस चाळीस वर्षं राहतात, तिथली भाषा शिकत नाहीत. मी शिकले नाही. इटालियनमध्ये मला अजून भाजी घेता येत नाही. मला वाटायचं, जीभ इथलीच ठेवली तर परत येता येईल."

आपोला वाचवायला ओ दिली, हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी खोडून काढली नाही, हेही खरंच.

आठवड्याभरात मी घर सोडलं. आपो झोपलेली असताना दुपारी बॅगा थांगकाकांच्या होडीत ठेवल्या. वाटेत बदकं आडवी आली, तरी ते नुसतं वल्हवत राहिले.

मला वाटत होतं, आपो पुन्हा पायऱ्यांवर जाईल. ती गेली नाही. थांगकाका सांगत, तिनं एकदाच विचारलं, सूलान कुठं गेली? कामावर, असं कुणीतरी म्हणालं, तेवढ्यावर तिचं समाधान झालं. वरची खोली रिकामी होती, तिथं खरी सूलान राहिली. ती नेपल्सला परत गेलीच नाही. आपोला वरच्या खोलीत एक परदेशी भाडेकरू असल्याचं आठवत होतं, म्हणून ती तिला माझ्या नावानं हाक मारू लागली. "चाना, खाली ये. चाना, चहा घे." मँडरिनमध्ये. आणि सूलान खाली जायची.

मी नदीपलीकडे राहायला गेले. कंपनी तीच, कुओबाई त्याच. नव्या आलेल्या एका उझबेक मुलीला त्यांनी माझ्यादेखत विचारलं, "तू तरी नाही ना शिकणार आमची बोली?" बाजारात मी आता मँडरिनच बोलते. कुणी बोलीत बोललं तर न कळल्यासारखं करते, पण चेहरा चुगली करतो.

गेल्या शरदात सूलान मला भेटायला ऑफिसखाली आली. हातात वही होती. आम्ही बाकावर बसलो.

"तुमच्या गावाबद्दल सांगा," ती म्हणाली. "ती मला विचारते. चाना, तुमच्याकडे बर्फ किती पडतो, तुझी आई काय करते. मला काहीतरी सांगावं लागतं."

मी सांगितलं. शिम्केंतमधलं आमचं घर, अंगणातलं जर्दाळूचं झाड, भाऊ किती, आईचं नाव काय, तिचे गुडघे दुखतात. ती सगळं लिहून घेत होती. शाळेतल्या मुलीसारखी, अक्षर न चुकवता. आईचा आवाज कसा आहे, असंही तिनं विचारलं, आणि मला चटकन सांगता आलं नाही.

वही मिटून ती उठली. मग पुन्हा बसली.

"अजून एक. तुमच्या भाषेत आईला काय म्हणतात?"

"आपा," मी म्हणाले. "आजीलाही म्हणतात. कुठल्याही म्हाताऱ्या बाईला म्हटलं तरी चालतं."

"मग मी म्हटलं तर तिला राग येणार नाही."

"नाही येणार."

तिनं दोनदा हळूच म्हणून पाहिलं. पहिल्या वेळी शेवटचा स्वर जरा लांबला, तो मी दुरुस्त करून दिला.