तीन आठवडे रस्त्याला हात लावायचा नाही

त्या जूनमध्ये दुब्रावाच्या गावसभेनं जो ठराव केला, तसला अख्ख्या सस्कॅचवान प्रांतात कुणी केला नसेल. रस्ता नीट करा म्हणून ठराव होतात. यांनी ठरवलं, की महामार्गापासून गावापर्यंतच्या अठरा किलोमीटर रस्त्याला तीन आठवडे कुणी हात लावायचा नाही. खड्डा बुजवायचा नाही, खडी टाकायची नाही, रस्ता सपाट करणारा ग्रेडर तर फिरवायचाच नाही. पाच सभासद, पाच हात वर, विरोधात कुणी नाही. वेडीच माणसं, म्हणाल तुम्ही. पण हा वेड पांघरून पेडगावला जायचा प्रकार होता.

कल्पना व्हर्ना स्टॅडनिकची. व्हर्ना गावची ठेकेदारीण. दोन खोदाईची यंत्रं, चार डंपर, बावीस माणसं; रस्ते करायचे आणि पाण्याच्या लाइनी टाकायच्या, हा धंदा. अकरा वर्षं ती रस्ते-ठेकेदारांच्या संघटनेबरोबर राजधानीला, रिजायनाला जाऊन मंत्र्यांच्या दारात बसत होती. दर वर्षी तेच तुणतुणं: बाबांनो, रस्त्यांवर आणि पाण्यावर पैसा घाला, आज एक घालाल तर पुढचे चार वाचतील. दर वर्षी बिस्किटं तेवढी चांगली मिळायची. एक मंत्री तर तोंडावर म्हणाला होता, "ठेकेदार रस्ते मागणारच हो. दूधवाला कधी म्हणतो का, दूध कमी प्या?" त्या दिवशी परतीच्या वाटेवर व्हर्ना तीन तास गाडीत एकटीच त्याच्याशी भांडत होती.

बरं, गरज काय खोटी होती? गावचे जुने पाइप इतके कुजले होते, की सहा वर्षं पाणी उकळून प्यायची नोटीस लागलेली. पोरं शाळेत जायला लागली तरी त्यांनी नळाला तोंड लावलेलं नव्हतं. नवी लाइन यायची ती याच रस्त्याच्या कडेनं. रस्ता झाला तर पाणी. नाहीतर दोन्ही नाही.

या वर्षी मात्र नव्या मंत्रीणबाई आल्या, लॉरेटा केसलर. त्या म्हणाल्या, कागद पुरे, रस्ते दाखवा. संघटनेनं सहा गावं काढली. सहातली दोन मंजूर कामांच्या यादीत जाणार होती. दुब्रावाचा नंबर शेवटचा.

"या वर्षी काम नाही आलं तर माझी माणसं शेजारच्या अल्बर्टा प्रांतात जाणार," व्हर्नानं सभेत सांगितलं. "आणि त्यांच्या मागून मीही. तेव्हा बाईंना रस्ता कसा दिसला पाहिजे? जसा आहे तसा. वरून रंगरंगोटी नको."

सगळ्यांच्या माना हलल्या, फक्त ओरेस्ट हलुष्काची हलली नाही. ओरेस्ट म्हणजे ग्रेडरवाला. पोटाखाली लांबलचक पातं असलेलं ते पिवळं धूड एकतीस वर्षं तो त्या रस्त्यावरून फिरवत होता. गाव त्याला 'वुइको' म्हणायचं, म्हणजे मामा. आजे-पणजे युक्रेनहून येताना जी भाषा घेऊन आले, तिच्यातले असे चार शब्द अजून टिकून होते. व्हर्नाला ग्रेडर चालवायला त्यानंच शिकवलं होतं, ती सतरा वर्षांची असताना.

"तीन आठवडे?" तो म्हणाला. "अगं, तीन आठवड्यांत त्या रस्त्याचं थोबाड बघवणार नाही."

"तेच तर हवंय, वुइको! मंत्रीणबाईंना बघवता कामा नये."

"लोक मला नावं ठेवतील."

"ठेवू देत. नवं पाणी आलं की त्याच तोंडांनी पितील."

पहिल्या आठवड्यात ओरेस्टनं ग्रेडरला वंगण घातलं. दुसऱ्या आठवड्यात काचा पुसल्या, मग शिड्या पुसल्या, मग पुसायला काही उरलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तो कॉफीच्या अड्ड्यावर शेताच्या बांधावरून चालत यायला लागला, रस्ता डोळ्यांसमोर नको म्हणून. ठराव सगळ्यांना ठाऊक होता, पण चेष्टेची संधी सोडेल तो दुब्रावाचा कसला! "काय वुइको, पातं गंजलं का हात?" रोज कुणीतरी विचारायचंच. त्यावर तो हसायचा. पण रविवारी परप्रांतातला, मॅनिटोबाचा, एक ट्रकवाला आत आला, खुर्चीत धपकन बसला आणि म्हणाला, "हा रस्ता कुणाकडे आहे? हाकला की त्याला!" त्यावर कुणीच हसलं नाही. ओरेस्ट पुढ्यातली कॉफी अर्धी टाकून उठला आणि निघून गेला.

सोमवारी मंत्रीणबाई संघटनेच्या व्हॅनमधून आल्या; आदल्या दिवशीच रिजायनाला गेलेली व्हर्ना सोबत होती. व्हॅन महामार्गावरून वळायच्या आधी संघटनेचा सचिव ड्वेन यानं बाईंच्या हातात काठोकाठ भरलेला कॉफीचा कप दिला, बिनझाकणाचा. ही संघटनेची जुनी युक्ती. पाचव्या गावात याच युक्तीनं बाईंची पांढरी पँट रंगली होती, म्हणून या वेळी त्यांनी मुकाट्यानं मांडीवर टॉवेल अंथरला.

व्हॅन वळली. व्हर्नानं पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली आणि पहिल्या आदळ्याची वाट बघत बसली.

आदळा आलाच नाही. कपातली कॉफी जागची हलेना. एक किलोमीटर गेला, दोन गेले. बाईंनी सावकाश एक घोट घेतला. व्हर्नानं खिडकीतून खाली पाहिलं. रस्ता नुकताच केस विंचरल्यासारखा दिसत होता. मध्ये हलकीशी उचललेली पाठ, दोन्ही कडांना पाणी उतरायला ढाळ, एक खडा इकडचा तिकडे नाही. असा हात अख्ख्या प्रांतात एकाचाच. तिला इतका राग आला, की कानशिलं तापली. आणि खरं सांगायचं तर त्या रागाच्या तळाशी किंचित अभिमानही होता.

"वा!" मंत्रीणबाई म्हणाल्या. "माझ्या घराचा रस्तासुद्धा इतका चांगला नाही."

"हा तुमचा वाईट रस्ता?" ड्वेन व्हर्नाच्या कानाशी पुटपुटला.

"गप बस, ड्वेन."

गावच्या हॉलच्या दारात ओरेस्ट उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, दाढी गुळगुळीत. बाई आत गेल्या तसं व्हर्नानं त्याला कोपऱ्यात ओढलं.

"वुइको, हे काय करून ठेवलंत?"

"पाहुणे येणार होते गं."

"पाहुण्यांना खड्डे दाखवायलाच बोलावलं होतं!"

"माहीत आहे. अर्ध्या रस्त्यात आलं माझ्या लक्षात." तो खाली बघत म्हणाला. "पण अर्धा केलेला आणि अर्धा तसाच, हे आणखी वाईट दिसलं असतं."

"जित्याची खोड, दुसरं काय! अकरा वर्षं, वुइको. अकरा वर्षं मी त्यांच्या पायऱ्या झिजवल्या." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. ओरेस्टचा चेहरा एवढासा झाला. त्यानं टायची गाठ सैल केली आणि पुन्हा आवळली.

आत टेबलांवर बटाटा-चीजच्या पेरोगींची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, ताटं मांडली होती, वर परतलेला कांदा. ड्वेननं तक्ते उघडले, तोच मंत्रीणबाईंनी हात वर केला.

"तक्ते राहू देत. मी आठवडाभर खड्डेच बघतेय. एका गावात तर खड्ड्याच्या कडेला फावड्याच्या ताज्या खुणा होत्या. शेतकऱ्याची पोर आहे मी, फावडं ओळखते. आणि तुम्ही मला गुळगुळीत रस्त्यावरून आणून पैसे मागताय. हे काय गौडबंगाल आहे?"

व्हर्नाच्या जिभेवर एक सोडून तीन सबबी तयार होत्या. पण ओरेस्ट दाराशी उभा होता, आणि त्याच्यासमोर खोटं बोलणं तिला या जन्मी जमलं नसतं.

"खरं सांगते," ती म्हणाली. "तीन आठवडे आम्ही रस्ता मुद्दाम सोडला होता. तसा ठरावच केला होता. हे आमचे ग्रेडरवाले, यांना ते बघवलं नाही. यांनी आज सकाळी सगळा करून टाकला."

ड्वेननं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बाईंनी ओरेस्टला जवळ बोलावलं. "तुम्ही केलात? सगळा?"

"हो, बाई. उजाडल्यापासून लागलो होतो."

"मग पैसे कशाला हवेत? तुम्ही आहात की!"

हॉल हसला. ओरेस्ट हसला नाही.

"हा शुक्रवारपर्यंत आहे," तो म्हणाला. "एक सर आली की खालचा चिखल वर येतो. धान्याचे ट्रक गेले की पन्हाळी पत्र्यासारखा होतो. खाली काही नाहीच हो. एकतीस वर्षं मी तीच खडी डावीकडून उजवीकडे नेतो आणि उजवीकडून डावीकडे आणतो, आणि दर वर्षी त्यातली थोडी मातीत जाते. व्हर्नावर रागावू नका, चूक माझी आहे. पण तुम्ही आलात तो रस्ता याच्याहून चांगला होत नाही. मला येतं तेवढं सगळं मी त्यात ओतलंय. आणि ते चार दिवस टिकतं." आणि त्यानं उगीचच खाकरल्यासारखं केलं.

बाईंनी एक पेरोगी सावकाश खाल्ली. मग पर्स उचलली. "शुक्रवारी येते. एकटी. ठराव नको, फावडी नकोत. आणि तुम्ही," ओरेस्टकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या, "तोपर्यंत ग्रेडरवर चढायचं नाही."

"आणखी चार दिवस?" ओरेस्ट कळवळून म्हणाला. हॉल पुन्हा हसला, आणि या वेळी बाईही हसल्या.

बुधवारी सर आली. गुरुवारी कनोलाच्या तेलबिया भरलेले चाळीस ट्रक गेले. शुक्रवारी दुपारी व्हर्नाचं दार वाजलं तेव्हा बाहेर मंत्रीणबाई उभ्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल, एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या गाडीचा सायलेन्सर.

"चौदाव्या किलोमीटरला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पाणी देता का जरा?"

"देते की. थांबा हं, उकळून गार केलेलं आतल्या भांड्यात आहे."

"किती वर्षं उकळताय?"

"सहा."

बाईंनी दोन पेले संपवले आणि तिसरा मागितला. गाडी काढायला ओरेस्ट ग्रेडर घेऊन गेला. परत येताना त्यानं पातं खाली टाकलेलं होतं, हे कुणी बघितलं नाही असं सगळ्यांनी ठरवलं.

सप्टेंबरात यादी लागली. दुसरं नाव दुब्रावाचं. रस्ता पायापासून नवा, वर डांबर, कडेनं पाण्याची लाइन. व्हर्ना कॉफीच्या अड्ड्यावर टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली आणि मग सगळ्यांना तिच्या पैशानं कॉफी मिळाली. काम निविदेतून निघालं आणि तिलाच मिळालं; तिच्या बावीसांतलं एकही माणूस अल्बर्टाला गेलं नाही. ओरेस्ट "छान झालं" म्हणाला आणि बाहेर पडला. तिला तो ग्रेडरच्या शिडीवर बसलेला सापडला.

"डांबरी रस्त्याला ग्रेडर लागत नाही, पोरी," तो म्हणाला. "बरंच झालं म्हणा. पण आता मी करू काय?"

"करू काय म्हणजे? डांबराखालचा शेवटचा थर कोण सपाट करणार? माझ्या पोरांना येतं, पण मला तुमच्या हातचा हवाय. नाही म्हणालात तर सतरा वर्षांची असताना घातलेल्या सगळ्या शिव्या परत घेईन."

"त्या मीच घातल्या होत्या तुला."

"मग त्या परत देईन."

पुढच्या उन्हाळ्यात चर खणून लाइन पडली, जुना चिखल उपसून दगडांचे थर दाबले गेले, आणि सर्वांत वरच्या बारीक खडीवर ओरेस्ट उतरला. दिवसाला दोन किलोमीटर, त्याहून एक हात जास्त नाही. ऑगस्टच्या एका सकाळी गावाजवळचा शेवटचा तुकडा संपला. डांबराचा पहिला ट्रक मागे वाफा टाकत उभा होता. व्हर्नानं लांब सरळ पट्टी खडीवर आडवी ठेवून बघितली, उभी ठेवून बघितली. खोटं कशाला सांगू, पट्टीखाली नखसुद्धा शिरेना. एवढा देखणा थर तिनं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तिला एकदम वाईट वाटलं.

"वुइको," ती म्हणाली, "थांबवू का ट्रक जरा? जेवणानंतर टाकू डांबर. एकदा याच्यावर टाकलं की हे कुणाला दिसणारसुद्धा नाही."

ओरेस्टनं टोपी काढली आणि आपल्या कामाकडे टोकापर्यंत बघून घेतलं.

"एकतीस वर्षं माझं काम सगळ्यांना दिसत होतं," तो म्हणाला, "आणि आठवड्याच्या आत मोडत होतं. हे कुणाला दिसणार नाही, पण राहील."

त्यानं ग्रेडर कडेला घेतला, खाली उतरला आणि स्वतःच हात हलवून ट्रकला पुढे बोलावलं.