लोसाच्या दाताची खूण

मी एक जुनं माउथगार्ड आहे, मित्रांनो, खेळताना दात वाचवायला घालतात ते. उकळत्या पाण्यात मऊ झालो, पंधरा वर्षांच्या लोसाच्या दातांवर बसलो आणि तिच्याच हसण्याचा आकार घेऊन निवलो. रग्बीच्या मैदानावर ती धावायची, तेव्हा तिचा श्वास माझ्यावरून समुद्रवाऱ्यासारखा वाहायचा. मला वाटायचं, मी होडीच आहे.

घरी तिचे बाबा, तावीता, मला गार पाण्यात धुवायचे. एकेकाळी ते ऑकलंडमध्ये गाजलेले खेळाडू. डोक्याला इतके मार बसले, की आता शेजाऱ्याचं नाव विसरतात, ठेवलेली किटली विसरतात. मला मात्र कधी विसरले नाहीत.

त्या धास्तीनेच त्यांनी लोसाची जनुकांची तपासणी करवली. नळीत थोडी लाळ, मग दोन आठवडे वाट. कागद आला. डोक्याचा मार जड जाण्याशी जोडलेला जनुकातला फरक तिच्यात आढळला नव्हता. बाबांनी कागद फ्रिजवर लावला, नारळाच्या दुधात शिजवलेला तारो, म्हणजे अळूचे कंद, आळीभर वाटला. मैत्रिणी चिडवायच्या, "हिला पुढे ढकला गं, शिक्का मारलेलं डोकं आहे!"

लोसालाही ते खरंच वाटू लागलं.

उपान्त्य सामन्यात कुणाच्या गुडघ्यावर तिचं डोकं आदळलं. तिचा दात माझ्यातून आरपार गेला. सगळं मैदान जणू पाण्याखाली गेलं. शिट्टी फार दुरून आली.

"बरी आहेस ना गं?" प्रशिक्षक बाईंनी विचारलं.

"मला काय होतंय? कागद आहे ना माझा!"

तिच्या तोंडात असूनही मला बोलता आलं नाही.

संध्याकाळी धुताना बाबांचं बोट त्या भोकावर थांबलं. "लोसा, कुठे आपटलीस?"

"कुठे नाही, बाबा."

"मग हे काय उंदरानं कुरतडलं?"

तिनं कपाळ दाबलं. मग हळूच म्हणाली, "डोकं दुखतंय. पण शनिवारी अंतिम सामना आहे. आणि कागदात..."

बाबांनी कागद काढून शेवटची ओळ तिला वाचायला लावली: 'निकाल काहीही असो, डोक्याला मार लागल्यास खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.'

"ही ओळ मीही वाचली नव्हती, बाळा. मला माझ्या वेळी कुणी थांबवलं नाही. तू थांब. हवं तर वर्षभर अबोला धर माझ्याशी. पण तो अबोला लक्षात राहण्याइतकं तुझं डोकं शाबूत राहू दे."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. शनिवारी लोसा मैदानाबाहेर बसून रडली. मी बाबांच्या खिशात होतो.

आता मी खिडकीतल्या पेल्यात असतो. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली की तिला नवं माउथगार्ड येईल. मित्रांनो, मार लागला तर लपवू नका, सांगा. सगळ्यांच्याच घरी माउथगार्ड धुताना खूण ओळखणारे हात नसतात.

सकाळी ऊन माझ्या भोकातून येतं, भिंतीवर ठिपका पडतो. लोसा त्याला बोट लावते नि विचारते, "बाबा, किटली ठेवली का?"

"ठेवली की," ते हसतात, "दोनदा."