दाराच्या जागी मासा

नूपुरनं फोन उघडला. जिथे लाल दार दिसायला हवं होतं, तिथे निळा मासा होता.

"मिहीर, थांब जरा. मोठा घोळ झालाय."

तिचा नवरा चपला घालून उंबऱ्यापाशी उभा होता. नूपुरचे वडील श्यामकांत चहा पिऊन फिरायला गेले होते आणि दिवेलागण झाली तरी परतले नव्हते.

आई गेल्यापासून बाबांना रस्ते आठवेनासे झाले होते. वाजणारा फोन उचलायचा असतो, हेही अलीकडे सुचत नसे. नूपुरचा व्यवसायच वेबसाइट बनवण्याचा, म्हणून तिनं त्यांच्यासाठी छोटंसं ॲप केलं. दोघांच्याही फोनवर त्याचं चित्र घराच्या लाल दाराचं होतं; बाबांनी ते दाबलं की ते कुठे आहेत हे तिच्या फोनवर उमटे. रोज जेवणानंतर ती त्यांच्याकडून ते एकदा दाबून घेई, लहान मुलाकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसं.

चित्रांची कटकटही तिनं यंत्राच्या गळ्यात घातली होती. फोल्डरमध्ये एक मूळ चित्र ठेवायचं. बिल्ड चालवलं, म्हणजे ॲप नव्यानं बांधायची आज्ञा दिली, की त्याचे लहानमोठे सगळे आयकॉन आपोआप तयार होत, आणि ॲपचं नाव नि चित्र फोनला सांगणारी मॅनिफेस्ट फाइलही आपोआप लिहिली जाई. आज तिनं बाबांचंच ॲप नमुन्याला घेऊन मासळीच्या एका घाऊक व्यापाऱ्याचं काम सुरू केलं होतं, आणि इलिश माशाचं चित्र टाकलं ते नेमकं बाबांच्या फोल्डरमध्ये. यंत्रानं इमानेइतबारे सगळीकडे मासा छापला. दुपारी बाबांनी दाबलं तेव्हा दारच होतं. ॲप उघडलं तेव्हाच मागाहून नवा मासा उतरला असणार.

"मग बदल ना परत," मिहीर म्हणाला.

"बदलते रे! पण त्यांच्या फोनवर दार कधी येणार? त्यांनी ॲप उघडलं तर. आणि उघडायचं कसं? मासा दाबून!"

सगळा जन्म कोलकात्यात काढूनही मिहीरच्या सासऱ्यांनी माशाला बोट लावलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानात मासा पडला तर ते आपलं पान उचलून दुसरीकडे जात.

"ते फिरायला जातात त्या तळ्याकडे मी बघून येतो. तू फोन सोडू नकोस," तो म्हणाला आणि स्कूटरची किल्ली घेऊन पळाला.

नूपुरनं टेबलापाशी बसून फोल्डरमध्ये दार परत ठेवलं आणि बिल्ड चालवलं. स्वतःचा असा राग तिला कधी आला नव्हता. समोर नव्या मोबाइल कव्हरचं पाकीट पडलं होतं. बाबांच्या फोनचं कव्हर पिवळट, कळकट झालं होतं, त्याचा डावा कोपरा तर पार डागाळलेला. परवा ती ते बदलायला गेली तर त्यांनी फोन छातीशी घट्ट धरला होता. "हात लावायचा नाही!" तीही चिडून म्हणाली होती, "मग राहू दे तसंच घाणेरडं." ते बोलणं आता तिला टोचत होतं.

फोन थरथरला. नकाशा उघडला आणि त्यावर ठिपका उमटला. सियालदह स्टेशनसमोर.

तिनं मिहीरला फोन लावला. "सियालदह," एवढंच ती म्हणाली.

मिहीरनं स्कूटर तिथेच ठेवून बाबांना टॅक्सीनं घरी आणलं. ते दमले होते, भुकेले होते आणि बऱ्यापैकी वैतागलेही होते. नूपुरनं त्यांचे दोन्ही हात धरले.

"बाबा, तुम्ही काय दाबलंत?"

"मासा. शी! कुणी घातला गं तो तिथे?"

"तरी दाबलात?"

बाबांनी फोन दिव्याखाली धरला आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. कव्हरच्या कडेवर तांबूस डाग होता. गेल्या दसऱ्याला आईनं विळी, कात्री, शिवणयंत्र अशा घरातल्या सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, तेव्हा नव्या फोनलाही वाहिलं होतं.

"हे सरलाचं कुंकू," बाबा म्हणाले. "याच्या शेजारी दाबायचं. मग कुणीतरी न्यायला येतं."

नूपुरनं टेबलावरचं पाकीट उचललं आणि खणात पार मागे सारलं.

त्यांच्या फोनवर लाल दार परत आलं होतं. बाबांनी त्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी कव्हरची कड शर्टानं हलकेच, डागाला धक्का न लावता पुसली आणि विचारलं, "जेवायला काय केलंयस?"