चीर की शिवण

द्राक्षवेलीचे कोंब कोणाच्या बकरीने खाल्ले, यावरून भांडण पेटलं आणि डेक्सिऑनने धाकट्या भावाच्या, सोसिसच्या, डोक्यात धोंडा घातला. आता त्याच भावाला खांद्यावर टाकून तो थासोस बंदरातल्या थिओमेडॉन वैद्याच्या दारात उभा होता. मोकळ्या हातात कुऱ्हाड.

"हा गेला तर वैद्यबुवा, तुम्हीही याच्या पाठोपाठ."

वैद्याने सोसिसला बाकावर घेतलं. त्याला शुद्ध नव्हती, एक पाय झटके देत होता. हा देवाचा कोप आहे, बोकड कापायला हवा, असं आई म्हणते, डेक्सिऑन सांगू लागला. धोंडा देवाने नाही, तू मारलास, एवढं बोलून वैद्याने जखम हाडापर्यंत चिरली. रक्त बाकावरून खाली ठिबकू लागलं.

हाडावर एक नागमोडी रेघ होती. वैद्य वाकून ती निरखू लागला. कवटीची हाडं जुळतात तिथे अशीच शिवण असते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीच्या डोक्यावरची रेघ त्याने शिवण समजून सोडून दिली होती. ती चीर निघाली. चौदाव्या दिवशी मुलगी आचके देत गेली. 'शिवणीने मला फसवलं', असं पाटीवर लिहून ती त्याने इथेच भिंतीला टांगली होती. गिऱ्हाईक पळवून लावायची नवी रीत, म्हणून बाकीचे वैद्य हसत.

त्याने हाडावर काळा लेप फासला आणि खरवडला. रेघ काळीच राहिली, म्हणजे चीर असावी. पण काळं शिवणीतही अडकतं. तो पुन्हा खरवडत राहिला. अखेर रेघेतून कानाकडे गेलेला केसाएवढा सरळ फाटा दिसला. शिवणीला असा फाटा नसतो.

"चीरच आहे. कवटीला भोक पाडून आतलं रक्त काढावं लागेल. डोकं धर."

"कुऱ्हाड सोडणार नाही."

"मग आणखी दोन हात घेऊन ये. डोकं हललं तर भोक पाडायचा सामता मेंदूत जाईल. तेव्हा मात्र तू त्याला खरंच मारलेलं असशील."

कुऱ्हाड जमिनीवर आदळली. डेक्सिऑनने भावाचा जबडा दोन्ही हातांत आवळला. सुताराने लाकडाला पाडावं तसं वैद्य भोक पाडू लागला. हाड तापू नये म्हणून सामत्याचं पातं सारखं थंड पाण्यात बुडवत होता. जळक्या हाडाचा वास तरीही आलाच. शेवटी चकती निघाली. आतून काळ्या रक्ताची गाठ आली आणि तिच्यामागून ताजं रक्त उसळलं.

सोसिसने डोळे उघडले. समोर कोण आहे ते त्याला कळलं, आणि त्याने तोंडाजवळचा भावाचा अंगठा दातांत धरला. हाड मोडल्याचा आवाज वैद्यालाही ऐकू आला.

डेक्सिऑनचे डोळे पांढरे झाले. हात हलले नाहीत.

"चाव," तो म्हणाला. "चाव, सोश्या."

चौदाव्या दिवशी दोघे चालत आले. एकाचं डोकं बांधलेलं, दुसऱ्याचा अंगठा पेरापासून गेलेला. बकरी कोणाची, हा वाद रस्त्यापासूनच ऐकू येत होता.