उर्वशीच्या पायातला दोर

मी एक जुना दोर आहे. दिघोरीच्या श्रावणबुवांनी अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे धागे, मांडीवर वळून मला केलं, ते गोठ्यातल्या गोऱ्ह्यासाठी. मित्रांनो, ते काम मला मानवलं होतं. गोऱ्हा थोडा ओढायचा, मग बसून रवंथ करायचा. बुवा येणाऱ्याजाणाऱ्याला माझा पीळ दाखवायचे आणि मी फुगून जायचो. पुढे गोऱ्हा मोठा होऊन नांगराला लागला आणि मी खुंटीवर आलो.

बुवांची नात उर्वशी चार वर्षांची. एका जागी थांबणं तिला माहीतच नव्हतं. घास तोंडात, चप्पल एका पायात, की निघाली कोंबड्यांमागे. हाक मारली तर वळायची आणि वळता वळता विसरायची. घरामागे बोडी, म्हणजे गावातलं लहान तळं. एकदा ती तिथे कमरेइतक्या पाण्यात सापडली. तिची आई रीता तिला उचलून घरी आली आणि तिने मला खुंटीवरून काढलं. भातरोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते, शेतात जाणं भाग होतं. तिने लेकीचा पाय खांबाला बांधला.

ते ओढणं गोऱ्ह्यासारखं नव्हतं. ती खेचायची, लोळायची, खांबाभोवती फिरून मला गुंडाळायची, पुन्हा उलटी फिरायची. दिवसभर मला उसंत नाही. तिच्या घोट्याची कातडी सोलली आणि ती माझ्यामुळे, याचं मला फार वाईट वाटलं.

अंगणवाडीच्या निर्मलाबाईंनी तो घोटा पाहिला. "काहून बांधता वो लेकराले?" त्यांनी विचारलं. रीता रडली. मग बाईच मायलेकींना भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे उर्वशीचे कान, डोळे तपासले. ती कशी झोपते, अंगणवाडीत कशी वागते, सगळं विचारलं. बऱ्याच खेपा झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, हा एडीएचडी आहे. यात लक्ष टिकत नाही आणि अंग स्वस्थ बसत नाही.

"मंग गोळी देल्ली का?" बुवांनी विचारलं.

"नाही बाबा," रीता म्हणाली. "एवढ्या लहान लेकराले आधी औषध नाही म्हणते. आधी आपल्यालेच शिकाचं आहे."

"उड्या थे मारते अन् शिकाचं आमी?"

मी परत खुंटीवर गेलो आणि कुरकुरत का होईना, बुवा शिकले. जवळ बसून, तिच्या डोळ्यांत बघून, एका वेळी एकच गोष्ट सांगायची. जमली की लगेच शाबासकी द्यायची. पायांना काम द्यायचं. काही दिवस बरे गेले, काही दिवस पोरीने घर डोक्यावर घेतलं. अशा दिवशी रीताची नजर माझ्याकडे वळली की मला धडकी भरायची.

पुन्हा रोवणी आली. शेजारणी दारातून हाका मारू लागल्या. रीता पदर खोचत होती. तेवढ्यात उर्वशी पाटावर चढली, मला खुंटीवरून ओढलं, आईसमोर बसली आणि पाय पुढे केला.

"मी वाईट पोरगी आहो ना आई? बांध मले."

रीता तिच्याजवळ खाली बसली. तिने लेकीला छातीशी धरलं, पण दारातल्या हाका काही थांबेनात. बुवा उठले. त्यांनी मला उचललं आणि आपल्याच हाताने वळलेल्या मला विळ्याने कापून टाकलं. मित्रांनो, मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

"चाल पोरी," ते म्हणाले, "बायाइले रोपं नेऊन देजो. मी हाओ तुह्या संग."

बुवा दिवसभर तिच्यामागे बांधावरून धावले. तिने रोपांच्या दोन जुड्या चिखलात पाडल्या, तिसरी पोचवली. बुवांनी शाबासकी दिली ती तिसरीची.

आता माझे तुकडे कुंपणावर वालाचा वेल धरून आहेत. मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात एखादं लेकरू एका जागी थांबत नसेल तर त्याला वाईट म्हणू नका. त्याला डॉक्टरांना दाखवा, त्याच्याशी वागायला शिका आणि त्याच्यासोबत चाला. मी नुसता पाय धरू शकत होतो. तुम्हाला हात धरता येतो.